मल्लव्वाचा मुलगा

"काय वो पावणं, आज बरी घरची वाट घावली?"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यानंतरची याहून तिखट होती.

चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. रंकाळ्याच्या पलीकडं, उसाच्या फडाला लागून आमचा 'विसावा' वृद्धाश्रम होता. संध्याकाळ झाली की गुऱ्हाळांवरून उकळत्या रसाचा गोड वास यायचा आणि त्याच्या मागोमाग थंडी यायची. पाणी तापवायचा बंब दिवाळीपासून गळत होता, म्हणून मी मागच्या अंगणात तीन दगड मांडून पातेलं चढवलं होतं. चिपाडं ओली होती, पेटता पेटेनात. डोळ्यांतून धारा, पदर कमरेला खोचलेला, गालावर काजळी... कुणी पहिल्यांदा बघावं असा माझा अवतार नव्हता.

मी शमशाद नदाफ, कबनूरची. अब्बा यंत्रमागावर कामाला. मी नर्सिंगचा कोर्स केला आणि 'विसाव्या'त लागले. नर्स मी एकटीच होते, आणि स्वयंपाकाला विठाबाई. बाकी सगळे साठीच्या पुढचे, आणि प्रत्येकाचा हट्ट वेगळा.

मागच्या दाराची कडी वाजली.

"आत येऊ का?"

आवाज तरुण होता आणि त्याला कागल-निपाणीकडचा हेल होता. ओसरीवर मल्लव्वा बसली होती, ती एकदम ताठ झाली. मल्लव्वा नेसरीची. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तिचा मुलगा बसलिंगाप्पा "आठ दिवसांत न्यायला येतो" म्हणून तिला इथं सोडून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. ती मात्र रोज संध्याकाळी या दाराकडं कान लावून बसायची.

"बसू? बंदी एनु, मगा?"

आलास का रे लेकरा... एवढं कानडी मला तिनंच शिकवलं होतं.

दारात एक उंच माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, अंगात साधा सदरा, तीस वर्षांचासुद्धा नसेल. मल्लव्वानं दोन्ही हात पुढं केले होते, ते तसेच हवेत चाचपडत होते. तो क्षणभर घोटाळला. मग पायऱ्या चढला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. तिनं त्याचा हात घट्ट धरला, त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली, आणि रडायला लागली.

आणि माझं टाळकं सरकलं. घरच्या वाटेचं ते पहिलं वाक्य तोंडातून सुटलं, आणि मी तिथं थांबले नाही.

"आठ दिसांत येतो म्हणून गेलतासा न्हवं? लाज कशी वाटत न्हाय वो तुमास्नी?"

"अवो, ऐका तर..."

"काय ऐकू? तुमच्या गावात पोस्टाचं कार्ड मिळंना व्हय? दोन ओळी लिहायला हात मोडलं हुतं?"

"तसं न्हवं, मी जरा..."

"हळू बोला! तिला डोळं न्हाईत, कान हाईत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मल्लव्वाकडं. मग तिच्या मुठीतल्या आपल्या हाताकडं. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्यानं मिटून घेतलं.

"चुकलं," तो हळूच म्हणाला. "आणखी शिव्या असतील तर घाला. पर त्याच्यासंगट चहा मिळंल का?"

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

मल्लव्वाला जरा शांत वाटल्यावर तो अंगणात उतरला, माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि म्हणाला, "सरका. तुमचं तोंड भांडायला चांगलं हाय, फुंकायला न्हाय."

"लई शहाणं हाईसा."

"बघा की."

दोन फुंकरांत जाळ झाला. धुरानं त्याचेही डोळे लाल झाले होते, आणि त्या लाल डोळ्यांनी तो हसत होता. मी घाईघाईनं पातेल्यात बघितलं. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"रोज असंच तापवता पाणी?"

"बंब गळतोय. सांगून सांगून जीभ झिजली. आता आलाच हाईसा तर ऱ्हावा दोन दिस गावात. पर उद्या येऊ नगासा हितं."

"का?"

"उद्या तपासणी हाय. पुण्याचा सायेब येणार. पास झालो तर सरकारी अनुदान. न्हाय तर विसाव्याला कुलूप, आणि ही सगळी म्हातारी माणसं रस्त्यावर. तुमची आईबी त्यात आली."

"मग तयारी काय केलीया?"

आणि मी, दीडशहाणी, त्याला सगळं सांगत बसले. ट्रस्टचे सेक्रेटरी बाळासो. त्यांचा मंडपाचा धंदा. सकाळी लग्नातल्या गाद्या आणि पांढऱ्या चादरी येणार, सायेब गेला की परत जाणार. प्रत्येकाच्या उशाशी एकेक सफरचंद मांडायचं, पण खायचं नाही.

"आणि सायेब फसतोय?"

"सायबाला काय कळतंय? चादर पांढरी दिसली की सही ठोकतोय. असलं सायेब लई बघितल्यात मी."

त्याला चहाचा ठसका लागला. मी पाणी दिलं. बराच वेळ खोकून झाल्यावर त्यानं विचारलं, "बरं, तुमी सायेब असतासा तर कशावरनं ठरवलं असतं? देखभाल चांगली हाय का न्हाय ते?"

"पाठीवरनं हात फिरवला असता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ धड असली की समजायचं, कुणीतरी त्याची कूस बदलतंय."

"आणि?"

मी जरा विचार केला. "आणि म्हातारं माणूस हाक मारतंय न्हवं... किती हाकांनी ओ येती, ते बघितलं असतं. चादरीचं काय घेऊन बसलाय!"

त्यानं चहा खाली ठेवला. नुसता बघत राहिला. मला एकदम आठवलं की माझ्या गालावर काजळी आहे.

निघताना मल्लव्वानं पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. गुऱ्हाळावरच्या बाईनं दिलेला, कितीतरी दिवस जपलेला. तो तिनं त्याच्या तोंडात घातला आणि आपल्या डबीतली विभूती चिमटीनं त्याच्या कपाळाला लावली. त्यानं मान खाली केली होती, डोळे मिटले होते. आईला वर्षभर विसरलेला माणूस असा कसा वाकतो, हे मला कळेना.

"उद्या येतो, अव्वा."

"उद्या नगो म्हटलं न्हवं?" मी दारापर्यंत गेले.

"येतो की," असं म्हणून तो हसला आणि उसाच्या बांधानं निघून गेला.

आईला टाकून जाणाऱ्या माणसाचं हसू आपल्याला आवडावं, याचा मला मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासोंची गाडी आली. गाद्या उतरल्या, चादरी अंथरल्या, सफरचंदं मांडली. विसावा नटला. आमचे आकाराम आजोबा, एके काळचे पैलवान, गादीला टेकून बसत म्हणाले, "वऱ्हाड कुणाचं म्हणायचं, सिस्टर?"

मला हसू आलं नाही. कारण बाळासो मल्लव्वाला हाताला धरून सामानाच्या खोलीकडं नेत होते.

"हे काय चाललंय?"

"जरा वेळ बसूंदेत आत. लई बडबडती म्हातारी. सायबाम्होरं थंड पाण्याचं काढंल, बंबाचं काढंल, पोराच्या नावानं रडंल..."

"आत अंधार हाय. ती घाबरंल."

"तिला अंधार काय आणि उजेड काय!" त्यांनी कुलूप लावलंसुद्धा. "सिस्टर, तुमी शिकलेल्या हाईसा. अनुदान बुडालं तर ह्या सगळ्यांस्नी स्टँडवर न्हेऊन सोडायचं काय? सांगा. तुमी संभाळणार?"

मी उत्तर द्यायच्या आत फाटकात जीप वाजली. बाळासोंनी किल्ली माझ्या हातात कोंबली आणि हार घेऊन धावले.

जीपमधून तो उतरला.

कोट, इस्त्रीची विजार, काखेत फाईल. काल माझ्या चुलीवर फुंकर घालणारा. बाळासोंनी गळ्यात हार घातला, तो त्यानं लगेच काढून आकाराम आजोबांच्या हातात दिला.

"सिस्टर, आपलं नाव?"

"शमशाद नदाफ."

"मी सिकंदर मुजावर. समाजकल्याण खातं, पुणे." पापणीसुद्धा हलली नाही. कालचा हेल नाही, कालचं हसू नाही. "चला. सुरुवात करू."

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. डिसेंबरात! काल मी माझ्या तोंडानं चादरींपासून सफरचंदांपर्यंत सगळं याच्या पदरात घातलं होतं. विसावा बंद पडला तर तो बाळासोंच्या लबाडीनं पडणार नव्हता, माझ्या जिभेनं पडणार होता. आणि मल्लव्वाचं काय? तिचा बसू आलाच नव्हता. तिनं जपलेला गूळ एका सरकारी माणसानं खाल्ला होता.

तो खाटेमागून खाट बघत गेला. पांगळ्या गंगव्वाला हळूच कुशीवर वळवून त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी दिवसातून कितीदा तिची कूस बदलायचे ते माझं मला ठाऊक. त्यानं काही लिहून घेतलं. पुढच्या खाटेवर थांबून चादरीचं टोक उचललं. हळदीचा मोठा डाग होता.

"आजोबांस्नी हळद लावतोय, सायेब," बाळासो म्हणाले. "सांधेदुखीला."

"आणि गुलाबपाणीही?" सायबानं चादरीचा वास घेतला.

तेवढ्यात आकाराम आजोबांनी उशाजवळचं सफरचंद उचलून कर्रकन चावा घेतला. बाळासोंचा चेहरा पडला. एरवी मी पोट धरून हसले असते. पण माझ्या मुठीत ती किल्ली होती आणि ती तापल्यासारखी वाटत होती.

"इथं सगळे आहेत ना? कुणी बाहेर गेलंय?"

"सगळी हाईत की," बाळासो म्हणाले.

"बसूऽ..."

हाक कोपऱ्यातल्या बंद दारामागून आली. बारीक, थरथरती. तिनं त्याचा आवाज ओळखला होता.

बाळासो जोरात खोकले. "शेजारच्या घरातनं येतंय, सायेब. चला, तुमास्नी स्वयंपाकघर दाखवतो."

"बसूऽ... मगा..."

सिकंदरचं लिहिणं थांबलं. तो दाराकडं वळला नाही, बाळासोंना काही विचारलं नाही. त्यानं फक्त माझ्याकडं बघितलं. किती हाकांनी ओ येते... काल मीच सांगितलं होतं. तो तेच ऐकत उभा होता, आणि ओ मलाच द्यायची होती.

दार उघडलं तर विसावा बुडेल. नाही उघडलं तर... कशाला म्हणायचं मग विसावा?

"आले, अव्वा!" मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला. दोन ढांगांत मी दाराशी गेले. कुलपाला किल्ली लागेना. बाळासो "सिस्टर, सिस्टर" करत मागं आले. मी वळून म्हटलं, "सरा बाजूला. न्हाय तर ह्या किल्लीनं टाळकं फोडंन."

मल्लव्वा आत गुंडाळलेल्या सतरंजीवर बसली होती. थंडीनं ओठ निळे पडलेले. मी माझी शाल तिच्यावर टाकली. तिचे हात माझ्यावरून पुढं गेले, हवेत चाचपडत.

सिकंदरनं फाईल जमिनीवर ठेवली आणि कोटासकट उकिडवा बसला. तिनं त्याचा हात धरला.

"बसू, हितं लई गार हाय रं."

"व्हय अव्वा. आलोय मी."

बाळासोंचे डोळे विस्फारले. "सायेब... ह्या... आपल्या मातोश्री?"

"आज तसंच समजा," सिकंदर म्हणाला. त्याचा आवाज फार शांत होता. बाळासो भिंतीला टेकले.

तपासणी संपल्यावर मी मागच्या अंगणात त्याला गाठलं. तो विझलेल्या चुलीजवळ उभा होता.

"काल सांगता आलं न्हाय, मी कोण ते?"

"आदल्या दिशी न सांगता बघून जावं म्हणून आलतो. पर तुमी बोलू दिलंसा व्हय? आणि..." तो अडखळला. "आणि तिनं हात धरलावता. सोडवून घेऊन 'मी तुझा न्हवं' म्हणायला जमलं न्हाय."

"आता काय लिहिणार?"

"दिसलं ते सगळं. बंब, कुलूप, चादरी."

"म्हंजे बंद करणार विसावा." माझे डोळे भरून आले, आणि मला रडायचं नव्हतं. "लिवा, लिवा! आणि मग मल्लव्वाला घेऊन जावा आपल्या घरी. मुलगा झालासा न्हवं? फुकटचा गूळ खाल्लासा न्हवं तिचा?"

"सिस्टर, गंगव्वाची पाठबी लिवणार हाय मी. आणि तुमी दिलेली ओ." त्यानं पहिल्यांदा नजर खाली घेतली. "पर निकाल पुण्यात लागतोय. त्यो माझ्या हातात न्हाय. खोटा शब्द देत न्हाय मी."

तो गेला. आठवडा गेला, महिना गेला. बाळासो माझ्याशी बोलेनात. विठाबाई रोज विचारायची, "कुलूप कधी लागणार गं?" पोस्टमन फाटकातून आत वळला की मी हातातलं काम टाकून धावायचे. सुगंधी उटणं लावून नवरी होऊन जायच्या वयात मी सरकारी लखोट्याची वाट बघत होते.

आणि खोटं कशाला बोलू, नुसत्या लखोट्याची नाही.

संध्याकाळी मल्लव्वा दाराकडं कान लावून बसायची. आता शेजारी मीही बसायचे. "आला काय गं?" ती विचारायची. "न्हाय, अव्वा." दोघींनाही एकच उत्तर. तो साधं कार्डसुद्धा टाकत नव्हता. मी मनात म्हणायचे, बसलिंगाप्पा काय आणि सिकंदर काय, सगळे एका माळेचे मणी.

संक्रांत झाली आणि लखोटा आला. विसावा चालू राहणार होता! बाळासोंना काढलं होतं, नवी समिती बसली होती, अनुदान एका वर्षापुरतं आणि अटीवर मिळालं होतं. देखभाल नीट दिसली तरच पुढचं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा आकाराम आजोबांनी शड्डू ठोकला. पुढच्याच आठवड्यात नवा बंब आला, तांब्याचा, लखलखीत. मी सगळ्यांना कढत पाण्यानं आंघोळी घातल्या. सगळे खुश होते. मीच काय ती मोरीत उभी राहून रडत होते. वाफेत कुणाला दिसत नव्हतं, म्हणून बरं.

त्याच संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली.

"आत येऊ का?"

साधा सदरा. कापडी पिशवी. फाईल नव्हती.

"काय वो पावणं," मी फुंकणी हातात घेऊनच उभी राहिले. बंब नवा होता, पण त्यालाही फुंकर लागायचीच. "पुन्हा तपासणी?"

"न्हाय. रजा टाकून आलोय."

"मग इतके दिवस काय झोपलावतासा? तुमच्या पुण्यातबी पोस्टाचं कार्ड मिळंना व्हय?"

"निकाल लागायच्या आत एक कार्ड जरी टाकलं असतं..." तो पायरीपाशी थांबला. "तर वरचं सायेब म्हणालं असतं, ह्या मुजावरला तिथली नर्स आवडली, म्हणून ह्यानं असं लिवलंय. सगळा अहवाल फुकट गेला असता."

मी फुंकणी खाली केली. "आणि... खोटं म्हणालं असतं का ते?"

"अहवालाबद्दल खोटं," तो म्हणाला. "नर्सबद्दल... खरं."

गुऱ्हाळाचा गोड वास सगळीकडं भरून राहिला होता. मी काहीतरी तिखट बोलायला शोधत होते. इतकी वर्षं जिभेवर तयार असायचं, आणि ऐन वेळी काही सापडेना.

"माझी अम्मी कागलला असती," तो पुढं म्हणाला. "तिला घेऊन कबनूरला येऊ का, तुमच्या अब्बांकडं? तुमची ना असंल तर आत्ताच सांगा. ह्याच बांधानं परत जातो."

"बसू?" ओसरीवरून मल्लव्वानं हात पुढं केले.

तो धावत वर गेला आणि तिच्यापुढं बसला. तिनं हात धरला. मी मागोमाग गेले. आता मात्र मला राहवेना. एवढा मोठा खोटेपणा आणखी किती दिवस चालवायचा? मी तिच्या कानाशी वाकले.

"अव्वा, रागावू नगोस. एक सांगायचं हाय. ह्यो तुझा बसू न्हाय."

मल्लव्वा हसली. तोंडात दात नव्हते, तरी सगळं तोंड भरून हसली.

"ठाव हाय की."

मी सिकंदरकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

"पयल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "आवाज तसाच, हेल तसाच. म्हणून हात धरला. माझा बसू असता तर दोन घटकांत हात काढून घेतला असता. ल्हानपणापासनं तसाच त्यो. ह्यानं काढला न्हाय." तिनं त्याचा तळवा थोपटला. "तवाच कळलं, ह्यो माझा न्हवं. मग म्हटलं, असूंदे. ज्यो हात सोडवत न्हाय, त्यो माझा."

सिकंदरनं मान खाली घातली होती. त्याच्या नाकावरून एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

"आणि तू गं?" मल्लव्वानं दुसरा हात माझ्या दिशेनं चाचपडला, माझा पंजा पकडला आणि ओढून त्याच्या हातावर ठेवला. "पोरगं कवाधरनं इचारतंय. ऐकू येतंय मला. डोळं न्हाईत, कान हाईत."

माझंच वाक्य होतं ते. माझ्याच अंगावर आलं.

त्याचा हात ऊबदार होता. आत बंबातलं पाणी उकळायला लागलं होतं, विठाबाई "सिस्टर, ओ सिस्टर" म्हणून ओरडत होती. आत्तापर्यंत विसाव्यात कुणाच्याही हाकेला मी उशिरा ओ दिली नव्हती.

त्या संध्याकाळी मात्र दिली. हात सोडवून घ्यायला जमलं नाही.